आजोबांच्या नावाचा नातू

मुलांनो, तुम्हांला तुमच्या आजोबांचे नाव ठाऊक असेल. पणजोबांचे नावही काहीजणांना सांगता येईल. पण पणजोबांचे वडील कोण, ते कोणत्या गावाहून आले, काय काम करीत, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण गप्प बसतील. काही घरांत शजरा, म्हणजेच वंशावळ, कापडात गुंडाळून पेटीत जपून ठेवलेली असते. ज्या घरात लिहिणारे-वाचणारे कोणी नव्हते, त्या घरात मात्र दोन-तीन पिढ्यांत नावे विसरली जातात.

अब्राहम लिंकन अशाच एका घरात जन्मले. ते अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेतील गुलामगिरी संपण्याचा मार्ग मोकळा झाला, हे तुम्ही ऐकले असेल. पण या थोर माणसाला स्वतःच्या पणजोबांचे नाव माहीत नव्हते. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एक नामवंत वकील आणि लोकप्रतिनिधी झाल्यावरही, ते अनोळखी माणसांना पत्रे लिहून विचारीत होते, की आमचे घराणे मूळचे कुठले. त्यांची माहिती आजोबांपर्यंत जाऊन थांबत होती. त्या आजोबांचे नावही अब्राहम लिंकन असेच होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव देतात ना, तसेच हे.

तेव्हा ही गोष्ट आपण आजोबांपासूनच सुरू करू या.

आजोबा अब्राहम यांचा जन्म १७४४ साली पेनसिल्व्हेनियात झाला. त्या वेळी अमेरिका स्वतंत्र नव्हती. अटलांटिक महासागराच्या काठाने इंग्रजांच्या वसाहती होत्या आणि पेनसिल्व्हेनिया ही त्यांपैकी एक. पुढे हे कुटुंब दक्षिणेकडे व्हर्जिनिया वसाहतीत गेले. आज ज्याला रॉकिंगहॅम जिल्हा म्हणतात, तिथे एका ओढ्याकाठी त्यांनी शेती सुरू केली. आजोबांची पत्नी बथशेबा हीदेखील त्याच भागातील हेरिंग नावाच्या घराण्यातली. १७७५ साली इंग्रजांविरुद्ध अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापली पथके उभारली होती. अशाच एका पथकाचे आजोबा कॅप्टन होते. म्हणून यापुढे आपण त्यांना कॅप्टन लिंकन म्हणू, म्हणजे आजोबा आणि नातू यांचा गोंधळ होणार नाही.

व्हर्जिनियात कॅप्टनचे बरे चालले होते. जमीन होती, घर होते, भाऊबंद जवळ होते. मग ते सोडून जायचे कारण काय? कारण पश्चिमेला डोंगरांच्या पलीकडे केंटकी नावाचा विस्तीर्ण मुलूख होता. डॅनिएल बून या धाडसी माणसाने १७७५ साली डोंगरातून तिकडे जाणारी वाट मोकळी केली होती. बून आणि लिंकन ही घराणी पेनसिल्व्हेनियात एकमेकांच्या शेजारची. कॅप्टनच्या एका चुलत्याने तर बूनच्या चुलत बहिणीशी लग्न केले होते. तेव्हा पलीकडच्या काळ्या कसदार जमिनीच्या गोष्टी कॅप्टनच्या कानांवर आल्या असणारच. १७८० साली त्यांनी व्हर्जिनियातली शेती विकली, आणि १७८२ च्या सुमारास बथशेबा व पाच मुलांना घेऊन ते केंटकीत गेले. मॉर्डेकाय, जोसाया आणि थॉमस हे तीन मुलगे. मेरी आणि नॅन्सी या दोन मुली.

केंटकीत कॅप्टननी पाच हजार एकरांहून अधिक जमीन आपल्या नावावर करून घेतली. एका सरकारी कागदावर कारकुनाने त्यांचे आडनाव लिंकन असे न लिहिता लिंकहॉर्न असे लिहिले आहे. त्या काळी आडनाव कानाला जसे ऐकू येई, तसे लिहीत. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबांचे नाव रेशनकार्डावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरेच असेल, तर त्यांना ही अडचण लगेच कळेल. घराण्याचा शोध घेणाऱ्याला अशी चुकीची स्पेलिंगे फार छळतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. केंटकीचे रान मोकळे पडलेले नव्हते. शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांची ती पिढ्यान्पिढ्यांची शिकारीची भूमी होती. गोरे लोक येत, झाडे तोडत, कुंपण घालत आणि सरकारी कागद दाखवून जमीन आपली म्हणत. ज्यांची भूमी जात होती, ते लढत. दोन्ही बाजूंची माणसे मरत होती. म्हणून वसाहतीतले शेतकरी लाकडी कोट असलेल्या एखाद्या गढीजवळ राहत आणि शेतावर जाताना बंदूक बरोबर नेत.

१७८६ च्या मे महिन्यात कॅप्टन लिंकन आपल्या तिन्ही मुलग्यांसह शेतात काम करीत होते. अचानक झाडीतून गोळी आली आणि कॅप्टन खाली कोसळले. मधला जोसाया मदत आणायला गढीकडे धावला. थोरला मॉर्डेकाय घराकडे पळाला. तो त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा होता. धाकटा थॉमस मात्र वडिलांच्या मृत देहाजवळच राहिला. त्याला पळायचे सुचले नाही, की वडिलांना सोडवेना, कोण सांगणार? त्याचे वय सहा ते आठ वर्षांच्या आसपास होते. मॉर्डेकायने घरातली बंदूक उचलली आणि ओंडक्यांच्या फटीतून बाहेर पाहिले. हल्लेखोरांपैकी एकजण थॉमसकडे येत होता. त्याच्या छातीवर चमकणारा एक दागिना होता, असे सांगतात. मॉर्डेकायने त्यावर नेम धरून गोळी झाडली. तो माणूस पडला आणि थॉमस वाचला.

हा थॉमस म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकन यांचे वडील. मॉर्डेकायचा नेम चुकला असता, तर आपली गोष्ट इथेच संपली असती.

कॅप्टन गेले आणि बथशेबा पाच मुलांसह त्या रानात उरली. पाच हजार एकर जमीन असताना या कुटुंबावर गरिबी यावी कशी, असे तुम्हांला वाटेल. पण इथे कायदा आडवा आला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. मृत्युपत्र न करता एखादा माणूस वारला, तर त्याची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलेला हा नियम होता. सर्व मुलांना सारखा वाटा देणारा नवा कायदा व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८५ सालीच मंजूर केला होता. मात्र तो लागू होणार होता १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन मारले गेले ते त्याआधी सात-आठ महिने. तेवढ्या फरकाने सगळी जमीन मॉर्डेकायच्या नावावर झाली आणि थॉमसच्या वाट्याला काहीच आले नाही.

बथशेबा मुलांना घेऊन तिथून दूर, वॉशिंग्टन नावाच्या जिल्ह्यात राहायला गेली. तिने मुलांना कसे वाढवले, काय खाल्ले, रात्री दाराला काय लावून झोपली, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुरुषांची नावे निदान जमिनीच्या कागदांवर तरी उरतात. बायकांच्या वाट्याला तेही येत नाही. पुढे अभ्यासकांत कित्येक वर्षे वाद चालला, की कॅप्टनच्या पत्नीचे नाव नेमके काय होते. काहीजण मेरी शिपली म्हणत, काही बथशेबा हेरिंग म्हणत. आता बथशेबा हेच नाव बहुतेकांनी मान्य केले आहे. ती दीर्घायुषी होती. १८३६ च्या सुमारास, मुलीच्या घरी राहत असताना, ती वारली. तोपर्यंत तिचा नातू इलिनॉय राज्याच्या विधानसभेत निवडूनही गेला होता.

थॉमस लहानपणापासून मोलमजुरी करीत फिरला. काही काळ तो टेनेसीत आपल्या चुलत्याकडे कामाला होता. शाळा त्याने पाहिलीच नाही. मोठेपणी त्यांना जेमतेम सही करता येई. पण सुतारकाम ते चांगले करीत आणि स्वभावाने सरळ होते. १२ जून १८०६ रोजी नॅन्सी हँक्स हिच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना आधी सारा ही मुलगी झाली, आणि १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतल्या एका खोलीच्या लाकडी झोपडीत मुलगा जन्मला. थॉमस यांनी त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले, अब्राहम. ज्या वडिलांच्या देहाजवळ ते लहानपणी थांबले होते, त्यांचे हे नाव.

थॉमस यांनी केंटकीत एकामागून एक शेते घेतली. परंतु तिथल्या जमिनींची मोजणी इतकी ओबडधोबड झाली होती, की एकाच तुकड्यावर दोन-तीन मालक हक्क सांगत. कोर्टकचेऱ्यांना कंटाळून १८१६ च्या हिवाळ्यात हे कुटुंब इंडियानात गेले. तिथे सरकारने जमीन नीट मोजून विकायला काढली होती. शिवाय इंडियानात गुलामगिरीला बंदी होती, आणि स्थलांतराचे तेही एक कारण होते, असे लिंकन यांनी पुढे लिहिले आहे.

इंडियानात दोन वर्षांनी आई गेली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईचे दूध प्यायल्याने होणारा तो आजार होता. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा होता. वर्षभराने वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन या विधवा स्त्रीशी लग्न केले. सावत्र आई म्हटले की आपल्या मनात वेगळेच चित्र उभे राहते. ही आई मात्र फार मायाळू होती. मुलाला वाचनाची ओढ आहे हे तिने ओळखले आणि त्याला कोणी आडकाठी करू नये हे पाहिले. अब्राहमचे शाळेत जाणे सगळे मिळून एक वर्षही भरले नाही. लाकूड फोडावे, नांगर धरावा आणि वेळ मिळेल तेव्हा मागून आणलेली पुस्तके वाचावीत, असा त्याचा दिवस जाई.

आणि रात्री चुलीजवळ वडिलांच्या गोष्टी. थॉमस यांना लिहिता येत नसले, तरी गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. शेतात आलेली गोळी, मॉर्डेकायचा नेम, छातीवरचा दागिना हे सारे अब्राहमने पुनःपुन्हा ऐकले. ऐकलेल्या सर्व गोष्टींत हीच आपल्या मनावर सर्वांत खोल कोरली गेली, असे लिंकन यांनी पुढे एका नातेवाइकाला कळवले होते. घराण्याचा त्यांच्याजवळ असलेला इतिहास तो एवढाच.

त्यांचे पुढचे आयुष्य तुम्ही इतरत्र वाचाल, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १८३० साली कुटुंब इलिनॉयमध्ये गेले. अब्राहम यांनी नावेवर, दुकानात, टपाल कचेरीत अशी नाना कामे केली, स्वतः पुस्तके वाचून कायदा शिकले आणि वकील झाले. १८४२ साली मेरी टॉड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. १८४७ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, दाखल झाले.

तिथे असताना मार्च १८४८ मध्ये त्यांना एक पत्र मिळाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हिंगहॅम गावात सॉलोमन लिंकन नावाचे गृहस्थ राहत. त्यांना इतिहासाची आवड होती. त्यांनी विचारले होते, की तुमचे लिंकन घराणे कोणते?

आपल्याकडे अनेक शाळांच्या भिंतींवर एक पत्र लावलेले असते, लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिले म्हणून सांगितले जाते ते. पत्र सुंदर आहे; पण लिंकन यांच्या कागदपत्रांत ते कुठेही सापडत नाही. १८४८ सालची ही पत्रे मात्र खरी आहेत, आणि मला ती अधिक आवडतात, कारण त्यांत उपदेश नाही. एक मोठा माणूस साधेपणाने आपले अज्ञान कबूल करतो आहे. लिंकन यांनी सॉलोमन यांना उत्तर पाठवले. आजोबा अब्राहम व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅममधून केंटकीत आले आणि मारले गेले. त्याआधी घराणे पेनसिल्व्हेनियात होते, असे ऐकले आहे. वडील लहानपणीच पोरके झाले, गरिबीत आणि नव्या मुलखात वाढले, त्यांना शिक्षण मिळाले नाही. त्यामुळे मला यापलीकडे फारसे सांगता येत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

पण एवढ्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. सभागृहात व्हर्जिनियाचे जे प्रतिनिधी होते, त्यांच्याकडे त्यांनी चौकशी केली. रॉकिंगहॅममध्ये डेव्हिड लिंकन नावाचे एकजण राहतात, असा पत्ता लागला. लगेच त्यांना पत्र गेले. थोड्याच दिवसांत डेव्हिड यांचे उत्तर आले. त्यांचे एक काका, अब्राहम लिंकन, फार वर्षांपूर्वी केंटकीत गेले होते, आणि १८०१-०२ च्या सुमारास आपण स्वतः त्या काकांच्या कुटुंबाला वॉशिंग्टन जिल्ह्यात भेटलो होतो, असे त्यांनी कळवले. खूण पटली! डेव्हिड यांचे काका तेच आपले आजोबा. लिंकन यांना इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी उत्तर लिहिले. त्यात नव्या प्रश्नांची रांगच होती. तुमच्या आजोबांचे नाव काय? ते क्वेकर पंथाचे होते का? पेनसिल्व्हेनियातून कधी आले? त्यांच्याही मागचे काही ठाऊक आहे का? पत्रात एका ठिकाणी तुमचे घराणे असे लिहून झाल्यावर ते थांबले आणि आता आपले घराणे म्हणायला हरकत नाही, अशी दुरुस्ती त्यांनी केली. पेनाच्या एका फटकाऱ्यात एक परका माणूस चुलता झाला.

जानेवारी १८५१ मध्ये थॉमस लिंकन वारले. बापलेकांचे फारसे सूत जमत नसे. मुलगा पुस्तकांत रमलेला, बाप अंगमेहनतीच्या कामाला मोठे मानणारा. शेवटच्या आजारात लिंकन त्यांना भेटायला गेले नाहीत. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. त्याच सुमारास त्यांनी वडिलांच्या बायबलच्या पानांवर स्वतःच्या हाताने कुटुंबाची नोंद लिहिली. कोण कधी जन्मले, कोणाचे कोणाशी लग्न झाले, कोण कधी गेले. ज्या घरात लिहिणारे कोणी नव्हते, तिथे आता लिहिणारा होता. दोन वर्षांनी त्यांना चौथा मुलगा झाला आणि त्याचे नाव त्यांनी थॉमस ठेवले.

१८६० साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. त्याच्या थोडे आधी चरित्रासाठी माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांनी घराण्याबद्दलही थोडे लिहून दिले. हिंगहॅमच्या लिंकन घराण्याशी आपले नाते जोडण्याचा प्रयत्न झाला. परंतु दोन्हीकडे मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावे आहेत, यापलीकडे ठाम काही हाती आले नाही, असे त्यांनी नमूद केले. पाहा, किती जपून लिहिले आहे! एखाद्याने मोठ्या घराण्याशी नाते लावून मिरवून घेतले असते. लिंकन पक्के वकील होते, पुराव्यावाचून बोलणार नव्हते.

नोव्हेंबर १८६० मध्ये ते निवडून आले आणि देश दुभंगला. गुलाम बाळगणारी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. आता तुम्हांला त्या डेव्हिड लिंकनचे गाव आठवते ना? ते व्हर्जिनियात, म्हणजे शत्रुपक्षाच्या राज्यात होते. रॉकिंगहॅमच्या लिंकन घराण्याकडे गुलाम होते. टेनेसीतल्या ज्या चुलत्याकडे थॉमस राबले, तोही गुलामांचा मालक होता. गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे सगेसोयरे पलीकडच्या बाजूला होते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. पुढे घटनेत दुरुस्ती होऊन डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी साऱ्या देशातून कायमची रद्द झाली. या घटनेचा प्रतिध्वनी आपल्या पुण्यापर्यंत पोहोचला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला.

युद्ध चालू असतानाच, १८६२ साली आणखी एक प्रकरण लिंकन यांच्यासमोर आले. मिनेसोटा राज्यातील डकोटा लोकांची जमीन सरकारने घेतली होती आणि तिचे ठरलेले पैसे वेळेवर दिले नव्हते. उपासमार होऊ लागली, तेव्हा त्यांनी शस्त्र उचलले. शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले. बंड मोडल्यावर लष्करी न्यायालयाने ३०३ जणांना फाशीची शिक्षा ठोठावली. कित्येक खटले तर काही मिनिटांत उरकले होते. सर्वांना ताबडतोब फाशी द्या, असा गोऱ्या लोकांचा ओरडा चालला होता. ज्याच्या आजोबांना मूळ रहिवाशांच्या गोळीने मारले, तो नातू काय करील, असे तुम्हांला वाटते? लिंकन यांनी सगळे कागद मागवून घेतले आणि एकेक खटला तपासला. बहुतेकांविरुद्ध पुरेसा पुरावा नव्हता. त्यांनी २६० हून अधिक जणांची फाशी रोखली. तरीही ३८ जणांना २६ डिसेंबर १८६२ रोजी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी इतक्या माणसांना कधीच फाशी दिले गेलेले नाही. डकोटा लोक तो दिवस अजून विसरलेले नाहीत. कोणी म्हणतात लिंकन यांनी दया दाखवली, कोणी म्हणतात अन्यायच केला. मला वाटते, दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच या घटनेकडे पाहावे.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टन शहरातील एका नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. आजोबांचे नाव मिळालेल्या नातवाचा अंतही मागून आलेल्या गोळीनेच झाला.

लिंकन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या घराण्याचा शोध अनेकांनी हाती घेतला. त्याला एक कारणही घडले. त्यांच्या आईवडिलांचे लग्न झालेच नव्हते, अशी कुजबुज विरोधकांनी पसरवली होती. जन्माच्या जिल्ह्यातील दप्तरात लग्नाची नोंद सापडत नव्हती, हे खरे. पण मुलीचे लग्न तिच्या राहत्या ठिकाणी लागते, हे लोक विसरले होते! नॅन्सी राहत होती वॉशिंग्टन जिल्ह्यात. लिंकन यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिथल्या कचेरीत जुनी दप्तरे चाळताना १८०६ सालची नोंद मिळाली. तारीख तीच, जी मुलाने बायबलमध्ये लिहिली होती, आणि लग्न लावणाऱ्या पाद्रीचे नावही होते. कुजबुज थांबली. हा कागद पाहायला लिंकन मात्र नव्हते.

पणजोबांचे नावही पुढे निश्चित झाले. ते होते जॉन लिंकन. जॉन यांच्या वडिलांनी, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या मॉर्डेकाय लिंकन यांनी, मृत्युपत्रात न्यू जर्सीतील जमीन जॉनच्या नावे केली होती. जॉन यांनी पुढे ती विकली, तेव्हा ही जमीन वडिलांकडून आल्याचा उल्लेख कागदात झाला. अशा रीतीने एका खरेदीखताने बापलेकांचे नाते सिद्ध केले. वंशावळीचे काम असेच चालते. खरेदीखत, मृत्युपत्र, लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड, एकेक कडी जुळवत मागे जायचे. पेनसिल्व्हेनियातल्या या मॉर्डेकायचे वडीलही मॉर्डेकायच, आणि ते मॅसॅच्युसेट्समधले. त्यांचे वडील सॅम्युएल लिंकन. हे सॅम्युएल १६३७ साली इंग्लंडहून जहाजाने अमेरिकेत आले. तेव्हा ते विणकराकडे काम शिकणारा पंधरा वर्षांचा पोरगा होते. ते कोणत्या गावात स्थायिक झाले असतील? हिंगहॅम! ज्या गावाहून सॉलोमन लिंकन यांचे पत्र आले होते, तेच गाव. म्हणजे ज्या सारख्या नावांवर लिंकन यांनी विश्वास ठेवायचे टाळले, ती नावे खरे बोलत होती. वॉल्डो लिंकन यांनी १९२३ साली या घराण्याचा मोठा इतिहास छापला. त्यात सॅम्युएलपासून मोजत आलो, की राष्ट्राध्यक्ष लिंकन सातव्या पिढीत येतात. आईकडची बाजू मात्र अजूनही धूसर आहे. नॅन्सीच्या आईचे नाव ल्यूसी हँक्स, एवढे कळते. वडील कोण, ते कळत नाही.

लिंकन यांना चार मुलगे होते. त्यांपैकी तिघे वयाची विशी गाठण्याआधीच गेले. फक्त थोरला रॉबर्ट मोठा होऊन संसाराला लागला. त्याचा नातू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ हा या शाखेचा अखेरचा माणूस. १९८५ साली तो निपुत्रिक वारला आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा थेट वंश संपला. लिंकन यांची बहीण सारा हिलाही मूल राहिले नव्हते. त्यामुळे शेतात वडिलांजवळ थांबलेल्या त्या धाकट्या थॉमसचे आज कोणी उरलेले नाही. त्याच्या भावा-बहिणींचे वंशज मात्र आजही अमेरिकेत आहेत. ते आपला शजरा मांडायला बसतात, तेव्हा रेघा मागे जात जात कॅप्टन अब्राहम आणि बथशेबा या जोडप्याशी येऊन मिळतात.